सीट बसली, पुढे काय?

बीड शहराला पिण्याचं पाणी मुख्यतः माजलगावच्या धरणातून येतं. धरण सिंदफणा नदीवर आहे. बीडमधून वाहणारी बिंदुसरा पुढे याच सिंदफणेला जाऊन मिळते, तीही धरणाच्या वरच्या अंगाला. म्हणजे दोन्ही काठांवरच्या नाल्या नदीत जे काही सोडतात, ते फिरून शहराच्याच नळाच्या वाटेला लागतं. मधे पुष्कळ अंतर आहे, मोठा जलाशय आहे, शुद्धीकरण केंद्र आहे, क्लोरीन आहे; तेव्हा हे वाचून कुणी घरातला हंडा पालथा करू नये. पण शहरातल्या गरीब वस्त्यांमधल्या संडासांबद्दल बोलायचं तर सुरुवात या नकाशापासून केलेली बरी. एरवी आपण संडास मोजतो, आणि आकडा जुळला की विषय मिटला असं धरून चालतो.

आकडा जुळवणंही सोपं नव्हतं, हे मान्य करायला हवं. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या शहरी भागात सुमारे ७१ टक्के कुटुंबांकडे घरात किंवा आवारात संडास होता. २१ टक्के कुटुंबं सार्वजनिक संडासावर अवलंबून होती आणि राहिलेली आठेक टक्के उघड्यावर जात होती. २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत अभियान सुरू झालं. शहरांसाठी केंद्राचे चार हजार आणि राज्याचे आठ हजार असं अनुदान ठरलं. काही नगरपालिकांनी त्यात आपली भर घातली. मग पहाटेची ‘गुड मॉर्निंग पथकं’ आली, टमरेल हातात असलेल्यांना गुलाबाची फुलं देऊन झाली, दंडही झाले, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये महाराष्ट्राचा शहरी भाग हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर करण्यात आलं.

या योजनेच्या शहरी मार्गदर्शक सूचनांमधली एक ओळ माझ्या मते सगळ्या फलकांपेक्षा आणि घोषणांपेक्षा मोलाची होती. वस्ती अधिकृत असो की अनधिकृत, झोपडपट्टी घोषित असो की अघोषित, जागेच्या मालकीचा प्रश्न संडासाच्या अनुदानाशी जोडायचा नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. नगरपालिकेच्या खिडकीवर पहिला प्रश्न ‘पीटीआरला (घरपट्टीच्या रजिस्टरला) नाव आहे का?’ हाच ऐकायची सवय झालेल्या माणसाला या ओळीची किंमत कळेल. गायरानावर, नदीकाठी किंवा कुणाच्या तरी मोकळ्या जागेत तीस वर्षं राहिलेल्या घरांना पहिल्यांदाच कागदावाचून काही मिळण्याची वाट उघडली.

पण बारा हजारांत काय होतं ते मिस्त्रीला विचारावं. आधी चार भिंती, मग पत्रा, दार, सीट, थोडी फरशी. पैसा वरून खाली खर्च होत येतो आणि खड्ड्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. फोटोही वरच्या भागाचाच काढतात. खड्डा जमिनीखाली असल्यामुळे तो कसा आहे हे घरमालकाला, मिस्त्रीला आणि देवालाच ठाऊक.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ मिळून जगभरच्या देशांची या बाबतीतली प्रगती मोजतात. त्यांच्या शिडीवर सगळ्यात वरची पायरी ‘सुरक्षित व्यवस्थापन असलेली स्वच्छता’ ही आहे. तिथे पोचायला तीन गोष्टी लागतात. संडास मैल्याशी माणसाचा संपर्क होऊ न देणारा हवा, तो दुसऱ्या कुटुंबाबरोबर वाटून वापरायचा नसावा, आणि मैल्याची जागच्या जागी किंवा दुसरीकडे नेऊन नीट विल्हेवाट लागायला हवी. शेजारच्या घराशी सामाईक असलेला चांगला संडाससुद्धा या शिडीवर खालच्या पायरीवर येतो. पहिल्या दोन अटी आपण बऱ्यापैकी गाठल्या. अडतं ते तिसऱ्या अटीवर.

कुठल्याही जुन्या वस्तीतल्या बोळात शिरा. दाराच्या उंबऱ्याला लागूनच सेप्टिक टँक असते, कारण दुसरीकडे जागाच नाही. वर शहाबादी फरशा सिमेंटने जाम केलेल्या. त्यांच्यावरच धुणंभांडी चालतात, संध्याकाळी तिथेच बाजेवर बसून गप्पा होतात. टाकीतून चार इंची पीव्हीसी पाईप बाहेर येतो आणि त्याचं तोंड थेट समोरच्या उघड्या नालीत असतं. त्याच नालीतून, पाण्यात अर्धी बुडालेली, घराच्या नळाची अर्ध्या इंचाची काळी नळी आडवी गेलेली असते. हे सगळं दोन-तीन फुटांच्या आत.

आता टाकीत काय घडतं ते पाहू. सेप्टिक टँक म्हणजे मैला गायब करणारं यंत्र, अशी समजूत सर्रास आहे. टाकीचं काम फार साधं आहे: आलेलं घाण पाणी दिवस-दीड दिवस शांत थांबवायचं. जड भाग तळाशी बसतो, तेलकट-हलका भाग वर साय धरतो आणि मधलं पाणी पुढच्या कप्प्यात जातं. म्हणून टाकीला मधे भिंत हवी, पहिला कप्पा दुसऱ्याच्या दुप्पट हवा. तळाचा गाळ हवेशिवाय जगणारे जिवाणू हळूहळू कुजवतात. त्यातून वायू निघतात, ते गॅसपाईपने वर जातात. कुजून गाळ कमी होतो, पण संपत नाही. दोन-तीन वर्षांत तो इतका साठतो की पाण्याला थांबायला जागाच उरत नाही. तिथून पुढे टाकी नुसती वाटेतली मोरी होते: आत आलं तसं बाहेर.

आणि टाकी अगदी नियमाप्रमाणे बांधलेली असली, तरी बाहेर पडणारं पाणी स्वच्छ नसतं. दिसायला ते जरा निवळतं, पण हगवण, टायफॉइड, कावीळ यांचे जंतू त्यात असतातच. म्हणून टाकीच्या पुढे शोषखड्डा लागतो. ते पाणी मातीतून हळूहळू झिरपलं की माती बरंचसं काम करते. नालीत सोडलं की काहीच होत नाही. थोडक्यात, ज्या घराची टाकी नालीला जोडलेली आहे, त्या घरातली माणसं उघड्यावर जात नाहीत. त्यांचा मैला मात्र जातो.

शोषखड्ड्याची अडचण बीडमध्ये जमिनीपासूनच सुरू होते. हा सगळा काळ्या पाषाणाचा मुलूख. नदीच्या अंगाला काळी कसदार माती आहे. ती कापसाला चांगली, पण शोषखड्ड्याला वाईट: ओली झाली की फुगते, तिची छिद्रं बुजतात आणि ऐन पावसाळ्यात खड्डा पाणी घेईनासा होतो. खाली मुरूम लागला तर बरं, त्यातून पाणी मुरतं. पण त्याच्याही खाली भेगाळलेला खडक लागला, की उलटीच गत होते. पाणी गाळलं न जाता भेगांतून थेट वाहत सुटतं, आणि त्याच भेगांमध्ये शेजारच्या घराचा बोअर पाणी शोधत असतो. एकाच आळीत एका घराचा खड्डा पाणी घेत नाही आणि दुसऱ्याचा नको इतकं घेतो, हे इथे सहज घडतं. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन गटारं आणि डास दोन्ही हटवले, त्याचं कौतुक मराठवाडाभर झालं आणि ते रास्तच आहे. पण ते खड्डे मोरीच्या सांडपाण्यासाठी होते. तोच हिशेब संडासाला लावला तर फसगत होते.

दुसरी सर्वत्र आढळणारी गोष्ट म्हणजे खोल खड्ड्याची हौस. ‘एकदाच वीस फूट खणा, जन्माची कटकट मिटली,’ असं सांगणारे मिस्त्री आहेत आणि ते ऐकणारी घरंही आहेत. त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. खड्डा उपसणं हे काम महाग, किळसवाणं आणि आपल्या समाजात तर जातीशी जखडलेलं. ते काम कधीच निघू नये म्हणून लोक खाली खाली जातात. पण जितकं खाली जावं तितकं भूजल जवळ येतं.

याला फार जुना आणि स्वस्त उपाय दोन खड्ड्यांच्या संडासाचा. साधारण एक मीटर व्यासाचे, मीटर-सव्वा मीटर खोल दोन खड्डे, जाळीदार वीटकामाचे, तळ कच्चा. सीटचा पाईप मधल्या चेंबरमध्ये येतो, तिथून एकाच खड्ड्याकडे वाट ठेवायची, दुसरीकडे बोळा लावायचा. पाच माणसांच्या घराला एक खड्डा तीनेक वर्षं पुरतो. भरला की वाट बदलायची. बंद खड्ड्यातला मैला वर्ष-दीड वर्षात कुजून मातीसारखा होतो. मग तो काढायला कुणाला नरकात उतरावं लागत नाही आणि शेतकरी तो सोनखत म्हणून नेतो. कोकणात गोपुरी आश्रमाच्या अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीमुक्तीचं काम करताना हीच दिशा धरली होती. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना तर हा प्रकार विशेष मानवतो. दिवाळीनंतर घराला कुलूप लागतं ते उन्हाळ्यापर्यंत. तेवढे महिने खड्ड्यालाही विश्रांती. अडचण जागेची. दहा बाय पंधराच्या घरात दोन खड्डे कुठे बसवणार? अशा वस्तीत दोन खड्ड्यांचा आग्रह धरणारा माणूस बहुधा तिथे राहत नसतो.

मग भुयारी गटार हाच उपाय नाही का? एक लाखावर लोकसंख्येची शहरं केंद्राच्या २०१५ च्या अमृत योजनेत घेतली गेली. दीड लाखाच्या घरातलं बीड त्यात आलं आणि रस्ते खणले जाऊ लागले. गटार असणं केव्हाही चांगलं. पण गटाराला पाणी लागतं, याचा विचार दुष्काळी जिल्ह्यात जरा अधिक करायला हवा. केंद्राच्या निकषांनुसार भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणीपुरवठा धरतात; गटार नसेल तर ७० लिटर. कारण पाईपमधला मैला वाहून न्यायचा तर प्रवाहाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटर तरी वेग हवा, नाहीतर तो जागच्या जागी बसतो आणि चेंबर तुंबतात. ज्या शहरात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येतं आणि घरोघर टिपाडं भरून ठेवलेली असतात, तिथे हा वेग रोज कुठून आणायचा? याच जिल्ह्यातल्या धनेगावच्या मांजरा धरणाने तळ गाठला आणि २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, हे काही फार जुनं नाही. केज, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी अशा अलीकडे नगरपंचायत झालेल्या गावांत तर मैला पुढची बरीच वर्षं टाकीत आणि खड्ड्यातच राहणार आहे. तेव्हा टाकी आणि खड्डा ही तात्पुरती सोय आहे असं समजून त्यांच्याकडे दुर्लक्ष करणं परवडणार नाही.

पाण्याचा हिशेब घरातही आहे. जास्त उताराची सीट दीड-दोन लिटरमध्ये साफ होते. दुकानात चकचकीत दिसते म्हणून घेतलेली पसरट सीट आणि वर फ्लशची टाकी असेल तर एका वेळेला सहा ते दहा लिटर जातात. पाच माणसांच्या घरात हा फरक दिवसाला दोन-तीन हंड्यांचा होतो, आणि हंडा कोण आणतं हे सांगायला नको. उन्हाळ्यात पाणी वाचवायचं म्हणून नवा संडास अडगळीची खोली होतो आणि घरातले पुरुष पुन्हा बाहेर जाऊ लागतात, हे उगाच होत नाही.

नालीतल्या त्या काळ्या नळीकडे पुन्हा वळू. पाणी सोडलेलं असतं तोवर नळीत आतून बाहेर दाब असतो. कुठे चीर असली तर स्वच्छ पाणी नालीत गळतं, एवढंच. पाणी बंद झालं की दाब जातो, आणि पाईपलाईन उताराकडे रिकामी होताना आत पोकळी धरते. तेव्हा त्याच चिरेतून नालीचं पाणी नळीत ओढलं जातं. त्यात पाणी कमी दाबाने येतं म्हणून आपण नळाला थेट मोटर लावतो. ती तर ओढायचंच काम करते. पुढच्या खेपेला नळ सुटला की पहिल्या काही बादल्या कुणाच्या टाकीतून आल्या हे सांगता येत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर वस्तीत जुलाब-उलट्यांची किंवा काविळीची साथ येते तेव्हा बोट धरणाकडे, टँकरकडे, जारवाल्याकडे दाखवलं जातं. दारातला चार इंची पाईप सुटतो. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी: स्वतःची टाकी उत्तम बांधलेल्या घरालाही यातून सुटका नाही, कारण नाली सामाईक आहे. २४ तास पाणी ही श्रीमंती चैन वाटते, पण पाईप सतत दाबाखाली ठेवणं हाच या रोगावरचा एक इलाज आहे.

ज्या घरांत संडासाला हातभर जागा नाही, त्यांच्यासाठी सामूहिक संडास. स्वच्छ भारतच्या निकषांत ३५ पुरुषांमागे एक आणि २५ बायकांमागे एक सीट धरलेली आहे. बांधकाम होतं, उद्घाटन होतं, आणि वर्षभरात दारांच्या कड्या जातात. नंतर वीजबिल थकतं, मोटर बंद पडते. बायका संध्याकाळपासून पाणी कमी पितात, अंधार पडायच्या आत जाऊन येतात किंवा सकाळपर्यंत थांबतात; मूत्रमार्गाचे त्रास त्यातूनच सुरू होतात. पुण्यात १९९९ पासून रत्नाकर गायकवाड आयुक्त असताना वस्तीतल्या महिलांच्या बचत गटांना आणि संस्थांना बरोबर घेऊन शेकडो संडास बांधले गेले. त्यात राखणदाराच्या कुटुंबाला राहायला तिथेच खोली आणि घरटी महिन्याचा पास अशी रचना होती. खोलीत माणूस राहतो म्हटल्यावर दिवा आणि पाणी त्यालाही लागतं, एवढा साधा विचार त्यामागे होता. सगळेच चालले असं नाही, पण कंत्राटदाराने बांधून कुलूप लावून दिलेल्यांपेक्षा बरे चालले.

आता सगळ्यात अवघड भाग: उपसा. टाकी तीन वर्षांनी उपसावी हे पुस्तकात. घरात ती तुंबून सीटमधून उलटी वर आली की उपसतात, मग दहा वर्षं झालेली असोत की पंधरा. खासगी सक्शन गाडी बोलवायची तर रोजंदारीवरच्या घराला ती रक्कम एकदम काढणं जड जातं. गाडी बोळात शिरत नाही, पाईप पुरत नाही, शहाबादी फोडावी लागते. वर्षानुवर्षं घट्ट झालेला गाळ पाईप ओढत नाही, आणि मग ‘आत उतरणारा’ शोधला जातो. २०१३ च्या कायद्याने माणसाला अशा टाकीत संरक्षणाशिवाय उतरवणं गुन्हा आहे. अशा मृत्यूमागे दहा लाखांची भरपाई द्यावी असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं आणि २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड वायू सुरुवातीला कुजक्या अंड्यासारखा वास देतो, पण त्याचं प्रमाण वाढलं की नाकाची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणून धोका टळला असं वाटतं, आणि माणूस दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो. म्हणून बातम्यांत बहुतेकदा दोघा-तिघांची नावं एकत्र येतात.

भरलेली गाडी जाते कुठे? पाहणारं कुणी नसलं की नाल्यात, माळावर किंवा एखाद्या शेतात. शेतकऱ्याला खत हवंच असतं, पण कच्च्या मैल्यात जंतांची अंडी असतात आणि ती मातीत महिनोन्‌महिने तग धरतात.

या बाबतीत महाराष्ट्रातल्या दोन छोट्या गावांनी देशाला वाट दाखवली, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. सातारा जिल्ह्यातलं वाई आणि नाशिक जिल्ह्यातलं सिन्नर. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या मदतीने या नगरपालिकांनी ठरवलं की टाकी तुंबायची वाट पाहायची नाही. गॅससिलिंडर येतो तशी उपसागाडी पाळीने येणार, दर तीन वर्षांनी, प्रत्येक घरी. घरमालकाने त्या दिवशी खिशातून काही द्यायचं नाही. खर्च करातून भागवायचा. कंत्राटदाराला पैसे उपसलेल्या टाक्या आणि प्रक्रिया केंद्रात ओतलेल्या खेपा मोजून, त्यामुळे वाटेतल्या नाल्यात गाडी रिकामी करण्यात त्याचाच तोटा. वेळच्या वेळी उपसलेला गाळ पातळ असतो, यंत्राने ओढला जातो, कुणाला आत उतरावं लागत नाही.

पुढची प्रक्रिया करायला बीडसारख्या जागी फार मोठं तंत्रज्ञान लागत नाही. खडी आणि वाळूचे थर दिलेले वाफे करायचे, त्यात गाळ पसरायचा. पाणी खाली निथळतं, गाळ उन्हात वाळून भेगाळतो. निथळलेल्या पाण्यावर वेगळी प्रक्रिया करायची, वाळलेला गाळ काही महिने साठवून मग खत म्हणून द्यायचा. जिथे सरासरी पाऊस सहा-सातशे मिलिमीटर आणि मार्च ते मे ऊन नुसतं भाजून काढतं, तिथे हे वाफे कोकणापेक्षा कितीतरी बरे चालतील. राज्यातल्या अनेक छोट्या नगरपालिकांनी कचरा डेपोच्या शेजारीच असे वाफे केले आहेत. त्यांत गाळ वेळेवर येत राहणं हीच खरी मेख.

आणि ते यादीवर अवलंबून आहे. पाळीने उपसा करायचा तर कुणाच्या दारी जायचं हे ठरलेलं हवं. वाई-सिन्नरसारखा खर्च करातून भागवायचा म्हटलं की यादी घरपट्टीच्या रजिस्टरवरून तयार होते. तिथे नदीकाठची, गायरानावरची घरं गळतात. संडास बांधताना मालकीचा कागद मागायचा नाही हे शहाणपण केंद्राने २०१४ मध्ये दाखवलं. तोच नियम उपशालाही लावावा लागेल, आणि रुंद गाडीबरोबर बोळात जाणारी छोटी गाडी व लांब पाईपही घ्यावा लागेल. यादी करायला मोठं सर्वेक्षण नको. नालीच्या कडेने चालत जायचं आणि चार इंची पाईपची तोंडं मोजायची. प्रत्येक तोंडामागे एक टाकी आहे, आणि तिच्या मालकाचं नाव पीटीआरला असो वा नसो, पाईप उघड्यावर दिसतोच.